गुणसूत्र २ वरचा बदल, गुणसूत्र ११ वरचं जनुक : प्रकल्प नोंदी

४ जुलै २०२५

आज कामाची हद्द आखून घेतली. मॅडमच्या एम.एस्सी.च्या वर्गासाठी मराठीत एक उघडी वही करायची आहे : कोड, आकृत्या आणि मधेमधे समजावणारा मजकूर. प्रश्न असा की डीएनएमधला एखादा बदल स्वतःच्या शेजारच्याच नव्हे, तर भलत्याच गुणसूत्रावरच्या जनुकाला कमी-जास्त कसं चालवतो?

उदाहरणावरून थोडी ओढाताण झाली. माझं मत यीस्टकडे झुकत होतं. प्रयोगशाळेतला आणि द्राक्षमळ्यातला असे दोन वाण, त्यांचा संकर, त्यातून निघालेली हजारभर संतती. २०१८ च्या अभ्यासात १,०१२ संततींवरून कुठला बदल कुठलं जनुक हलवतो असे ३६ हजारांहून जास्त संबंध सापडले, आणि त्यातले बहुतेक लांबचे. नकाशा काढला की १०२ जागी उभे पट्टे दिसतात. एकेका जागेवरचा बदल शेकडो जनुकं हलवतो. शिकवायला याहून स्वच्छ काही मिळणार नाही.

मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "तुझं यीस्ट चांगलंच आहे रे, पण माझ्या वर्गात गडचिरोलीची नि गोंदियाची पोरं आहेत. सिकलसेल त्यांनी पुस्तकात नाही, घरात पाहिलाय." मग वादाला जागाच राहिली नाही.

तर उदाहरण ठरलं गर्भीय हिमोग्लोबिनचं. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा मूळ दोष बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटक-प्रथिनात, एका अमिनो आम्लाचा : ग्लुटॅमिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. पण गर्भात असताना बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन चालतं आणि गॅमावालं हिमोग्लोबिन त्या दोषी रेणूंच्या साखळीत सामील होत नाही. म्हणून नवजात बाळांना त्रास जवळपास नसतो. ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हे टिपलं होतं. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा मावळतं, बीटा वर येतं आणि आजार उघडा पडतो. काही माणसांत मात्र गॅमा पुरतं मावळत नाही. का मावळत नाही, याची उत्तरं गॅमाच्या शेजारी कमी आणि दुसऱ्या गुणसूत्रांवर जास्त सापडली. वही त्यावरच.

९ जुलै २०२५

तीन जागा धरल्या.

पहिली गॅमाच्या दारातच आहे, गुणसूत्र ११ वर : एचबीजी२ या गॅमा बनवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीपासून १५८ बेस (डीएनएची अक्षरं) आधी सी चा टी. जुन्या लोकांच्या तोंडी हिचं नाव अजूनही 'एक्सएमएन१', कारण त्या नावाचं एन्झाइम हा बदल असेल तिथेच डीएनए कापतं. दुसरी गुणसूत्र २ वर, बीसीएल११ए या जनुकाच्या आत. तिसरी गुणसूत्र ६ वर, एचबीएस१एल आणि एमवायबी या दोन जनुकांमधल्या मोकळ्या पट्ट्यात. पहिली म्हणजे सिस : बदल आणि जनुक एकाच डीएनए-धाग्यावर, जवळ. बाकीच्या दोन ट्रान्स : बदल एका गुणसूत्रावर, जनुक दुसऱ्यावर. वेगवेगळ्या लोकसमूहांत या तीन जागा मिळून गर्भीय हिमोग्लोबिनमधल्या फरकाचा २० ते ५० टक्के भाग सांगतात. रक्तातल्या इतर मोजमापांच्या मानाने हे फारच जास्त आहे. उंचीसारख्या गुणाला एवढा वाटा उचलायला हजारो जागा लागतात.

गुणसूत्र २ ची जागा सापडली ती आजाराच्या नव्हे, निरोगी माणसांच्या मोजणीतून. लंडनच्या गटाने २००७ मध्ये, आणि २००८ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या सुमारे ४,३०० लोकांच्या अभ्यासाने तिच्यावरच बोट ठेवलं. त्याआधी बीसीएल११ए हे नाव लिम्फोमा या कर्करोगाच्या संदर्भात घेतलं जायचं. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असं कुणी म्हटलं असतं तर हसलेच असते.

१४ जुलै २०२५

हे बदल कुठल्या लोकांत किती आढळतात, त्या वारंवारतेचा तक्ता करायला घेतला. '१००० जीनोम्स' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा डेटा सगळ्यांना खुला, म्हणून तोच. २६ लोकसमूह, २,५०४ माणसं, त्यांत दक्षिण आशियाई ४८९.

यादी वाचताना मॅडमचा चष्मा खाली आला. दक्षिण आशियाई म्हणून पाच गट : ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ. भारताच्या भूमीवर घेतलेला एकही नमुना नाही. मराठी नाहीत, गोंड नाहीत, भिल्ल नाहीत, पावरा नाहीत. म्हणजे नंदुरबार किंवा चंद्रपूरबद्दल या तक्त्यावरून काहीही बोलायचं नाही. ही सूचना वहीत तक्त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत टाकली, तळटिपेत नाही. तळटीप कोणी वाचत नाही.

जीनोमइंडिया या भारतातल्या लोकांच्या जीनोम प्रकल्पाचं काम आता आहे. ८३ लोकसमूह, दहा हजारांच्या घरात माणसं, डेटा फरिदाबादच्या केंद्रात. पण व्यक्तिगत पातळीचा डेटा अर्ज करून, मंजुरीनंतर मिळतो, आणि मुलांनी घरी बसून चालवायच्या वहीत तो बसत नाही. ते योग्यच आहे.

१६ जुलै २०२५

छोटी नोंद, पण मुलं इथेच अडकतील म्हणून. मानवी जीनोमच्या जुन्या (३७) आणि नव्या (३८) मांडणीत बीसीएल११एच्या जागेचा आकडा सव्वादोन लाख बेसांनी सरकलेला आहे. जुने शोधनिबंध जुन्या आकड्यांत, नव्या फायली नव्या. आकड्यावरून शोधू नका, आरएस क्रमांकावरून (प्रत्येक बदलाचा ठरलेला ओळख क्रमांक) शोधा आणि दोन्ही बाजूंची अक्षरं जुळतात का ते पाहा. आपला बदल आरएस१४२७४०७, जी चा टी.

२३ जुलै २०२५

लांबचं पाहण्याआधी जवळचं तरी नीट दिसतं का, ही तपासणी. आरएनए मोजणीसाठी मेज नावाचा २०२४ चा संच घेतला : १००० जीनोम्समधल्याच ७३१ जणांच्या पेशींतला आरएनए, सगळ्या २६ लोकसमूहांतून. त्याआधीचा जेउवॅडिस संच ४६२ जणांचा होता. त्यात युरोपचे चार गट आणि नायजेरियाचे योरुबा एवढेच. दक्षिण आशियाई त्यात नव्हतेच.

कसोटीला ईआरएपी२ हे जनुक. त्यातल्या एका बदलामुळे आरएनएची जोडणी बिघडते आणि तसा बिघडलेला आरएनए पेशी स्वतःच नष्ट करते. त्यामुळे दोन्ही प्रती एका प्रकारच्या, एकेक, किंवा दोन्ही दुसऱ्या प्रकारच्या, असे तीन गट आलेखावर तीन वेगळ्या मजल्यांवर बसायला हवेत. बसले. रेषा ओढायचीही गरज पडली नाही. गणित न येणाऱ्यालाही दिसेल असं चित्र आहे, म्हणून वहीचं पहिलं चित्र हेच.

जनुक कमी-जास्त चालवणाऱ्या डीएनएमधल्या जागेला ईक्यूटीएल म्हणतात. मुलांनी यावरून 'ईक्यूटीएल म्हणजे असं असतं' असा समज करून घेऊ नये. हे अपवादात्मक सोपं आहे.

२ ऑगस्ट २०२५

लांबचे संबंध शोधणं अवघड का, हे आज आकड्यांत मांडलं.

समजा २० हजार जनुकं आणि १० लाख बदल. प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालायची तर २,००० कोटी चाचण्या. पाच टक्के चुकीची मुभा एवढ्या चाचण्यांत वाटली तर एका चाचणीच्या वाट्याला दशांश चिन्हानंतर अकरा शून्यं आणि मग २५ येतात. जवळच्या संबंधात हे ओझं नसतं, कारण जनुकाच्या आसपासच्या दहा लाख बेसांतलेच बदल तपासायचे असतात. वर दुसरं असं की लांबचा परिणाम मुळातच लहान. म्हणजे उंबरठा उंच आणि पाऊल आखूड.

याचा परिणाम जीटेक्स या माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींतली जनुकं मोजणाऱ्या प्रकल्पात दिसतो. २०२० च्या आवृत्तीत ८३८ दाते, ४९ ऊती. जवळचा संबंध १८,२६२ प्रथिन-जनुकांसाठी सापडला, म्हणजे जवळपास सगळ्यांसाठी. लांबचा? १४३ जनुकांसाठी. पुढे ईक्यूटीएलजेन या गटाने फक्त रक्त घेतलं पण माणसं ३१,६८४ जमवली, आणि सगळे बदल न तपासता कुठल्या ना कुठल्या आजाराशी किंवा गुणाशी आधीच जोडलेले १०,३१७ बदल घेतले. त्यांतल्या ३७ टक्क्यांचा लांबचा परिणाम दिसला. लांबचे संबंध दुर्मीळ नव्हतेच, आपली माणसं कमी पडत होती.

प्रिचर्ड यांच्या गटाचा २०१९ चा अंदाज तर असा की जनुक किती चालतं यातल्या आनुवंशिक फरकाचा ७० टक्के किंवा त्याहून जास्त भाग लांबच्या परिणामांतून येतो. प्रत्येक परिणाम इतका बारीक की एकेकटा पकडता येत नाही. मला हा अंदाज पटतो, पण वहीत 'अंदाज' हा शब्द ठेवला आहे.

आपल्याला २,००० कोटी चाचण्या करायच्या नाहीत. तीन बदल, दोन जनुकं. सहा चाचण्या. हे आधीच लिहून, तारीख टाकून ठेवलं. निकाल पाहून मग प्रश्न बदलायचा नाही.

१० ऑगस्ट २०२५

मुद्दाम चुकीच्या पेशीत शोधायचा धडा आज लिहिला.

मेजमधल्या पेशी म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या बी-पेशी, एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. त्यांत बीसीएल११ए भरपूर चालू असतं. लिम्फोमातून त्याचं नाव पुढे आलं ते उगीच नाही. पण गॅमा ग्लोबिन? बी-पेशीला हिमोग्लोबिनचं काय काम! एचबीजी१ आणि एचबीजी२ च्या ओळी जवळपास शून्यांच्याच. बंद असलेल्या जनुकावर बीसीएल११ए आणखी काय दाब टाकणार?

मुलांना हा भाग नापास झालेल्या प्रयोगासारखा वाटू नये म्हणून त्याचं शीर्षक 'इथे काही दिसू नये' असं ठेवलं. काही दिसलं असतं तर माझी झोप उडाली असती. ७३१ माणसं, उत्कृष्ट मोजणी, खुला डेटा, आणि आपल्या प्रश्नासाठी संपूर्ण निरुपयोगी.

मॅडमनी समासात लिहिलं, "हे वाक्य राहू दे."

१९ ऑगस्ट २०२५

मग रक्त घ्यावं, असं कुणीही म्हणेल. आज त्याबद्दल. हा भाग लांबला आहे, कापायचा नाही.

रक्ताच्या नळीत लाल पेशी सर्वांत जास्त, पण पक्व लाल पेशीत केंद्रक नसतं. ग्लोबिनचा जो आरएनए सापडतो तो नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या पेशींत उरलेला. तोही इतका की मोजणीचा मोठा हिस्सा तोच खातो, म्हणून कित्येक अभ्यासांत ग्लोबिनचा आरएनए मोजणीआधीच रसायनाने काढून टाकतात. आपल्याला हवं तेच त्यांनी फेकलेलं असतं! रक्ताचा संच उचलण्याआधी ही एक ओळ पद्धतींच्या भागात शोधायची, हे वहीत तपासणी-यादीच्या पहिल्या क्रमांकावर.

दुसरी अडचण बीसीएल११एची. रक्ताच्या नमुन्यात त्याचा जो आरएनए मोजला जातो तो मुख्यतः बी-पेशींचा आणि त्यांच्यासारख्या काही पांढऱ्या पेशींचा. आपला बदल ज्या नियंत्रक तुकड्यात आहे तो लाल पेशींच्या पूर्वज पेशींत, अस्थिमज्जेत काम करतो. नळीतल्या बीसीएल११एवर त्याची छाप शोधणं म्हणजे भलत्याच पेशीला जाब विचारणं.

तिसरी अडचण सगळ्यात फसवी. एखादा बदल कुठलंही जनुक न हलवता फक्त पेशींचं प्रमाण हलवू शकतो. कोवळ्या लाल पेशी थोड्या जास्त झाल्या की लाल पेशींत चालणारी शेकडो जनुकं एकदम 'वाढलेली' दिसतात, आणि बदल एका जागी असून शेकडो लांबचे संबंध सापडल्याचा आनंद होतो. प्रत्यक्षात एकाही पेशीच्या आत काही बदललेलं नसतं. गुणसूत्र ६ ची आपली जागा अशी आहे की ती लाल पेशींची संख्या, आकार, प्लेटलेट हे सगळंच हलवते. तिथे पेशींचं प्रमाण कुठे संपतं आणि जनुकाचं नियंत्रण कुठे सुरू होतं, हे नळीतल्या रक्तावरून सांगता येत नाही.

उपाय म्हणून लोक छुपे घटक काढून टाकतात : डेटात जे मोठे सामाईक चढउतार असतील ते गणिताने ओळखायचे आणि वजा करायचे. जवळच्या संबंधांसाठी हे उत्तम. लांबच्यासाठी मात्र दुधारी, कारण खरा लांबचा परिणामही अनेक जनुकांना एकदम हलवत असतो. त्यामुळे तोही त्या सामाईक चढउतारात धरला जातो आणि वजा होतो. वहीत दोन्ही आलेख शेजारी ठेवले, घटक काढण्याआधीचा आणि नंतरचा. कुठला बरोबर ते लिहिलेलं नाही.

२९ ऑगस्ट २०२५

परवा गणपती बसले, त्यामुळे काम तुकड्यातुकड्यांत.

एचबीजी१ आणि एचबीजी२ ची भानगड लिहून काढली. दोन्ही शेजारी, दोन्ही गॅमा ग्लोबिन बनवतात, आणि प्रथिनात फरक फक्त १३६ व्या जागी : एकात ग्लायसिन, दुसऱ्यात अ‍ॅलानिन. आरएनएचे तुकडे वाचून जीनोमवर बसवताना संगणकाला तुकडा कुणाचा हे कळत नाही. एकाच चाळीत एकाच नावाचे दोघे राहत असले की पोस्टमन पत्र कुणाच्या दारात टाकणार? कुठलं सॉफ्टवेअर असे तुकडे सोडून देतं, कुठलं वाटून टाकतं, कुठलं चिठ्ठी काढतं. एचबीजी२ च्या दारातल्या एक्सएमएन१ चा परिणाम मग एचबीजी१ च्या खात्यावरही दिसायला लागतो.

इथे दोन्ही शेजारीच आहेत म्हणून निभावतं. पण साहा आणि बॅटल यांनी २०१८ मध्ये दाखवलं की दोन सारखी जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली की वाचनातल्या या घोळातून खोटे 'लांबचे संबंध' तयार होतात. पहिल्या जनुकाचा जवळचा परिणाम दुसऱ्याच्या नावावर चढतो. लांबचा संबंध सापडला की आधी विचारायचं, या दोन जनुकांचं अक्षरांचं काही नातं आहे का? बीसीएल११ए आणि गॅमा ग्लोबिन यांचं नाही, ही तपासणी करून ठेवली.

११ सप्टेंबर २०२५

आता मुख्य प्रकरण. डेटा बाजूला, यंत्रणा पुढे. आकडेमोडीने सांगितलं ते 'इथे काहीतरी आहे' एवढंच. पुढचं काम प्रयोगशाळांनी केलं.

बीसीएल११ए हे दाबणारं प्रथिन आहे, प्रौढ लाल पेशींच्या पूर्वजांमध्ये गॅमा ग्लोबिनला खाली ठेवणारं. २००८ मध्ये ऑर्किन यांच्या गटातून संकरन यांनी मानवी पेशींत बीसीएल११ए कमी केलं आणि गॅमा वर आलं. २०११ मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांच्या लाल पेशींतून ते काढलं, आजाराची लक्षणं ओसरली. म्हणजे दुवा पक्का.

पण आपला बदल बीसीएल११एच्या प्रथिनात नाहीच. तो जनुकाच्या दुसऱ्या इंट्रॉनमध्ये, प्रथिनाचा संदेश न देणाऱ्या भागात. २०१३ मध्ये बाउअर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा भाग म्हणजे एन्हान्सर, जनुकाचा वेग वाढवणारा तुकडा, आणि तोही फक्त लाल पेशींच्या वंशात चालणारा. त्यात तीन ठाणी आहेत, जनुकाच्या सुरुवातीपासूनच्या हजार बेसांतल्या अंतरावरून त्यांची नावं ५५, ५८ आणि ६२. उंदराच्या लाल पेशींच्या वंशातल्या पेशींत हा तुकडा कापला तर बीसीएल११ए कोसळलं. बी-पेशींच्या वंशात कापला तर त्याला फरक पडला नाही. १० ऑगस्टच्या धड्याखाली आता या प्रयोगाचा दुवा दिला आहे.

आरएस१४२७४०७ हा ६२ च्या ठाण्यात बसतो. तिथे जीएटीए१ आणि टीएएल१ ही दोन प्रथिनं एकत्र येऊन बसतात, त्यांना लागणारा अक्षरांचा नमुना असा : सीटीजी, मग कुठलीही नऊ अक्षरं, मग जीएटीए. जी चा टी झाला की नमुना मोडतो, बैठक सैल होते, आणि बीसीएल११ए थोडं कमी बनतं. बंद होत नाही, कमी होतं. वहीत बारा ओळींचा पायथन कोड टाकला जो दोन्ही प्रकारांची अक्षरमाला घेतो आणि नमुना शोधतो. एकात सापडतो, दुसऱ्यात नाही. मुलं स्वतः अक्षर बदलून पाहू शकतात.

म्हणजे हा 'लांबचा' बदल प्रत्यक्षात लांब कुठेच गेलेला नाही. त्याने आपल्या शेजाऱ्याला, बीसीएल११एला, हात लावला, तोही सिसच. दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावरून अकरावर गेलं ते प्रथिन. बहुतेक लांबच्या संबंधांत असाच कुणीतरी मध्यस्थ असतो आणि तो सापडेपर्यंत संबंध सापडला असं मी तरी म्हणणार नाही. मध्यस्थ ज्या पेशीत, ज्या वयात काम करतो तिथे गेलं नाही तर साखळी दिसतच नाही. ती गर्भात वेगळी, प्रौढाच्या मज्जेत वेगळी, बी-पेशीत नाहीच.

२० सप्टेंबर २०२५

मध्यस्थ अकरावर जाऊन नेमका कुठे बसतो? बरीच वर्षं यावर वाद होता. काहींना वाटत होतं की तो गॅमापासून दूर बसून सगळ्या पट्ट्याची घडी बदलतो. २०१८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे जागा दाखवली : गॅमाच्या प्रमोटरमध्ये (जनुक सुरू करणारा त्याच्या तोंडाचा भाग), सुरुवातीच्या ११५ बेस आधी, टीजीएसीसीए या अक्षरांवर.

आणि गंमत अशी की ही जागा वैद्यकाला आधीपासून ठाऊक होती. काही घराण्यांत प्रौढपणीही गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर राहतं, त्यांना त्रास काहीच नसतो. त्यांतल्या काहींचे बदल ११४ आणि ११७ बेसांवर, म्हणजे याच अक्षरांत. तिथे बीसीएल११एला बसायला जागाच मोडलेली. २०० बेसांच्या आसपासचे बदल असेच दुसऱ्या एका दाबणाऱ्या प्रथिनाची, झेडबीटीबी७एची बैठक मोडतात. एकाने मध्यस्थ कमी केला, दुसऱ्याने मध्यस्थाची खुर्ची काढून घेतली, परिणाम एकाच दिशेचा. सिस आणि ट्रान्स हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणं थांबवायला हवं, असं माझं मत झालं आहे. मॅडम म्हणाल्या अभ्यासक्रम मंडळाला सांग.

३० सप्टेंबर २०२५

साखळी आणखी एका कडीने मागे नेता येते, आणि त्यासाठी माल्टा.

माल्टातल्या एका कुटुंबात २७ पैकी १० जणांचं गर्भीय हिमोग्लोबिन वाढलेलं होतं. कारण ११ वर नव्हतं, २ वर नव्हतं, ६ वरही नव्हतं. २०१० मध्ये ते गुणसूत्र १९ वर सापडलं : केएलएफ१ या जनुकाची एक प्रत मधेच थांबणारी. केएलएफ१ लाल पेशींत बीसीएल११एला चालना देतं. चालना अर्धी, बीसीएल११ए कमी, गॅमा वर. १९ वरून २ वर, २ वरून ११ वर.

वहीतल्या आकृतीत हे बाण मी सरळ रेषेत काढले होते. मॅडमनी दुसरा बाण घालायला लावला, कारण केएलएफ१ बीटा ग्लोबिनलाही थेट चालना देतं. म्हणजे एकाच जनुकाचे दोन रस्ते त्याच पट्ट्यावर येतात. आकृती आता जरा गिचमिड दिसते. तशीच ठेवली.

गुणसूत्र ६ ला दोनच ओळी : तिथल्या पट्ट्यात एमवायबीचे एन्हान्सर आहेत, एमवायबी कमी झालं की लाल पेशींची वाढ-परिपक्वता वेगळ्या वेगाने होते आणि गर्भीय हिमोग्लोबिन वाढतं. तपशील पुढच्या वहीत.

९ ऑक्टोबर २०२५

वर्गात पहिली चाचणी. कोड सगळ्यांच्या लॅपटॉपवर चालला, ही बातमी आधी.

खरा प्रश्न मागच्या बाकावरून आला, गडचिरोलीच्या मुलीकडून. "सर, ह्या तीन जागा तपासल्या तर एखाद्याला किती त्रास होईल ते आधीच सांगता येते का?"

उत्तर नाही असंच दिलं, पण कारणासह. भारतातल्या सिकलसेलमध्ये दोषी जनुकासोबत बहुधा अरब-भारतीय म्हणून ओळखली जाणारी पार्श्वभूमी येते, तिच्यात एक्सएमएन१ चा बदल असतो आणि गर्भीय हिमोग्लोबिन आफ्रिकेतल्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त राहतं. त्यावरून 'भारतातला सिकलसेल सौम्य' असं वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतली मुलं मात्र दुखण्याच्या झटक्यांनी, संसर्गांनी, रक्त चढवण्यासाठी वारंवार भरती होणारी आहेत. सरासरी सौम्य असली तरी समोरचं मूल सौम्य असेलच असं नाही. शिवाय अल्फा थॅलेसेमिया (अल्फा ग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक दोष) सोबत असला तर चित्र आणखी बदलतं. तीन जागा मिळून फरकाचा निम्मा भाग सांगत असतील तरी तो गर्भीय हिमोग्लोबिनमधला फरक आहे, वेदनेतला नाही. गर्भीय हिमोग्लोबिन थेट मोजता येतं, एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीत. मोजून मिळणारी गोष्ट जनुकांवरून का ओळखायची?

तिने वहीत लिहून घेतलं, मान हलवली नाही. तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. त्यातली तपासणी वाहक आणि रुग्ण ओळखण्याची. या तीन जागांची नाही. हा फरक वहीत घातला, कारण मुलं गावी जाऊन सांगणार.

१७ ऑक्टोबर २०२५

उपचाराचा भाग ठेवायचा की नाही यावर बरंच बोलणं झालं. ठेवला, थोडक्यात.

बीसीएल११ए सरसकट काढून टाकता येत नाही. ते नसलेली उंदराची पिल्लं जन्मानंतर जगत नाहीत, बी-पेशी बनत नाहीत. माणसात एक प्रत बिघडली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याच मुलांत गर्भीय हिमोग्लोबिन वाढलेलं सापडतं. मग उपाय तोच, फक्त लाल पेशींत चालणारा एन्हान्सर तोडायचा. २०१५ मध्ये त्या पट्ट्यातली जवळपास प्रत्येक जागा क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने कापून पाहिली गेली आणि सर्वांत नाजूक निघाली ती ५८ च्या ठाण्यातली जीएटीए ही अक्षरं. कॅसजेव्ही हा उपचार तिथेच कापतो : रुग्णाच्याच मूळ पेशी बाहेर काढून, कापून, परत. ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला मंजुरी दिली, अमेरिकेने ८ डिसेंबरला.

निसर्गातला बदल ६२ च्या ठाण्यात, कात्री ५८ च्या. मुलांच्या हे ध्यानात आलं पाहिजे. निसर्गातल्या बदलाने फक्त पट्टा दाखवला, त्यात कुठे कापायचं ते वेगळं शोधावं लागलं. आणि सार्डिनियातल्या निरोगी माणसांत जो फरक टक्क्याच्या आसपास खेळत होता, त्याच साखळीवर पूर्ण जोर दिला की रुग्णाच्या हिमोग्लोबिनचा मोठा हिस्सा गर्भीय होतो. छोटा परिणाम म्हणजे बिनमहत्त्वाचं जनुक, असा अर्थ कुणी काढत असेल तर त्याला हे उदाहरण पुरे.

अमेरिकेतली जाहीर किंमत २२ लाख डॉलर. त्याआधी केमोथेरपीने मज्जा रिकामी करावी लागते. मेळघाटातल्या किंवा धडगावच्या घराला यातलं काय मिळणार, हे वर्गात कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी स्वस्त आहे, तीही गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते, आणि आज तीच नियमित मिळणं महत्त्वाचं. वहीत कॅसजेव्हीच्या आधी हायड्रॉक्सीयुरिया घातली.

२८ ऑक्टोबर २०२५

स्थिती. पहिली वही पूर्ण, मॅडमनी दोनदा वाचली. वारंवारतेच्या तक्त्यावरची सूचना ठळक आहे. ईआरएपी२, चुकीची पेशी, रक्ताच्या तीन अडचणी, जुळी जनुकं, एन्हान्सरचा कोड, माल्टाची आकृती, सगळं जागेवर.

राहिलेलं : रक्ताच्या संचावरच्या सहा चाचण्या चालवलेल्या नाहीत. ग्लोबिन न काढलेला, व्यक्तिगत पातळीवर उपलब्ध असलेला संच हवा आणि त्यासाठी कॉलेजच्या नावाने अर्ज करावा लागेल; तो मॅडम करतील. मज्जेतल्या एकेका पेशीच्या आरएनएचे खुले संच आहेत, त्यांत केएलएफ१, बीसीएल११ए आणि गॅमा कुठल्या टप्प्यावर चालू-बंद होतात ते दाखवता येईल. माणसं थोडी असल्याने बदलांचा परिणाम नाही, पण साखळीतले टप्पे दिसतील. त्या भागाचं काम मागच्या बाकावरच्या मुलीने मागून घेतलं आहे. तिला पायथन शिकवायला शनिवारी दुपारी बसायचं ठरलं.

गुणसूत्र ६ ची वही डिसेंबरनंतर.